वळणात उचललेला पाय

“मग काय, माझे टायर आपले आपणच फिरले?” लिडिया म्हणाली. “गाडी बिचारी सरळ चालली होती, टायरांनाच चक्कर आली, असं म्हणायचंय तुला?”

“मी तसं नाही म्हणालो.”

“तसंच म्हणालास. तिसऱ्यांदा म्हणालास. शॅरन, काय म्हणाला गं हा आत्ता?”

शॅरनने मोबाईलमधून मान वर केली नाही. “म्हणाला, टायरने दगा दिला.”

“चमची,” जेम्स बहिणीला म्हणाला.

दुकानामागच्या अंगणात जेम्सची गाडी उभी होती. जुनी, लहान, लाल रंगाची; मागच्या सीटा काढून लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलेला, दारावर मोठ्या अक्षरांत ‘लिडिया टायर्स, राहुरी’. सकाळी नऊ वाजता ती काकासाहेब नावाच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला दोर बांधून घरी आली होती. पुढच्या जाळीत मका अडकला होता आणि शेजारच्या कोंबड्या बंपरखाली शिरून तो वेचून खात होत्या. रेसिंगच्या गाडीचा इतका चांगला उपयोग लिडियाने आजवर पाहिला नव्हता.

“मम्मी, तुला यातलं कळत नाही,” जेम्स म्हणाला. सत्तावीस वर्षांचा मुलगा, पण हे वाक्य तो बारा वर्षांचा असल्यापासून तसंच म्हणत आला होता, खालचा ओठ पुढे काढून. “पंक्चर काढणं वेगळं, रेसिंग वेगळं. शंभरच्या स्पीडला वळण घेताना ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचाच नसतो. उचलला की संपला. तिथं गाडीचा प्रश्नच नसतो, माणसाच्या छातीचा असतो. जिगर लागते.”

“लागतेच,” ओट्यावरच्या खुर्चीतून शांतवन म्हणाला. “आमच्या येळेला बी लागायची. भ्यालेला मानूस वळनात वळखू येतो.”

“तुम्ही चहा प्या,” लिडिया नवऱ्याला म्हणाली.

शांतवन चहा प्यायला लागला. सव्वीस वर्षं तो त्या खुर्चीत बसून चहा पीत होता, आणि चहा संपला की स्वतःविषयी बोलत होता. पूर्वी तो अकोले ते राजूर जीप चालवायचा. बारा माणसांच्या जागी बावीस भरायची, दोन टपावर, एक दाराला लटकलेला, आणि भंडारदऱ्याकडच्या वळणांवर कुणाला ओरडायलाही वेळ मिळू नये अशी जीप हाणायची. लोक त्याला वाघ म्हणायचे. लिडियाच्या वडिलांनी, साधे प्राथमिक शिक्षक ते, “मुलगा धाडसी आहे” एवढ्यावर लग्न ठरवलं होतं. आणि लिडियालाही, खोटं कशाला बोला, ते आवडलं होतं. बाविसाव्या वर्षी माणसाला काय काय आवडतं, हे आठवलं की तिला आताशा स्वतःचीच कीव यायची.

मग एका वळणावर जीप उलटली. कुणी मेलं नाही, ही देवाची कृपा. तिघांची हाडं मोडली, शांतवनचा उजवा पाय गुडघ्यात कायमचा निकामी झाला. “स्टेरिंग जाम झालं,” तो म्हणाला. दवाखान्यात म्हणाला, पोलिसांना म्हणाला, पाळकसाहेबांनी चर्चमध्ये उपासनेत साक्ष द्यायला उभं केलं तेव्हा सगळ्या मंडळीसमोर म्हणाला. जाम झालेल्या स्टेअरिंगमधून देवाने कसं वाचवलं याची ती साक्ष पुढे इतकी रंगत गेली, की एका वर्षी तिच्यात बिबट्याही आला.

जेम्स तेव्हा वर्षाचा होता. घरात कमावणारं कुणी नाही म्हणून लिडिया राहुरीला माहेरी आली आणि नगर-मनमाड रस्त्यावर गहिनीनाथ मिस्त्रींच्या टायरच्या दुकानात हिशेब लिहायला लागली. पंधरा दिवसांत मिस्त्रींनी तिच्या हातातली वही काढून घेतली आणि टॉमी दिली. टायर रिमवरून उतरवायची ती लोखंडी पट्टी पेलायला तिचे हात बारीक होते, पण मिस्त्रींना तिचे हात वेगळ्याच कामाला हवे होते. ते तिला डोळे मिटायला लावायचे आणि टायरवरून तळवा फिरवायला सांगायचे. एका दिशेने गुळगुळीत लागतं, उलट दिशेने करवतीसारखं अडतं. म्हणजे चाक तिरकं चालतंय. बाहेरचा खांदा, टायरची कड, खाल्लेला. म्हणजे हा मनुष्य वळणावर घाईत असतो. एकाच जागी चपटा चट्टा. म्हणजे ब्रेक दाबून चाक जागेवर जाम केलंय, आणि चाक जाम झालं तेव्हा हा मनुष्य घाबरलेला होता.

“गाडी रस्त्याला किती जागेनं धरते, माहिती हाय का पोरी?” मिस्त्री आपले दोन्ही तळवे पुढे करायचे. “चार चाकं, चार तळवे. एवढंच. त्या तळव्याला तुझी छाती किती इंच, ते कळत न्हाई. त्याला वजन कळतं, वेग कळतो. दोन्हीची बेरीज जास्त झाली की तो सोडतो. लई प्रामानिक असतो.”

मिस्त्री गेले, दुकान लिडियाचं झालं. तेव्हापासून तिने शूर माणसं ढिगाने पाहिली. शूर माणूस तिच्या दुकानात नेहमी चालत यायचा, कारण गाडी मागे कुठेतरी खड्ड्यात असायची. त्याच्या अंगावर पांढरा शर्ट असायचा, गॉगल फुटलेला असायचा आणि दोष कुत्र्याचा असायचा. कुत्रं नसेल तर खडीचा, खडी नसेल तर समोरच्याने मारलेल्या लाइटचा. वीस वर्षांत एकाही शूर माणसाने “मी जास्त वेगात शिरलो” असं सांगितलं नव्हतं. लिडिया काही बोलायची नाही. चाक काढायची, तळवा फिरवायची, आणि पैसे घेताना त्याच्याकडे इतकं शांतपणे बघायची की तो सुटे परत घ्यायचं विसरून निघून जायचा.

आणि आता तिच्याच घरात एक शूर माणूस निपजला होता. दोन वर्षं तो मातीच्या मैदानांवर शर्यती मारत होता. एकदा नाशिककडे तिसरा आला होता, त्या कपाची अजून टीव्हीवर आरास होती. मातीवर गाडी घसरली तरी फार तर धूळ उडते. पण येत्या रविवारी पुण्याची एक टीम त्याला दक्षिणेतल्या खऱ्या, डांबरी ट्रॅकवर चालवून बघणार होती. आवडला तर वर्षभर त्यांच्या गाडीत. शुक्रवारी टेम्पोत गाडी चढायची होती, आणि आज गुरुवार. त्या ट्रॅकवर एक लांब वळण आहे, सव्वाशेच्या वेगाने घ्यायचं. जेम्सने त्याचा व्हिडिओ लिडियालाही दाखवला होता. वळणाच्या बाहेरच्या बाजूला भिंत होती. त्याने गाडी पाहिली होती, तिने भिंत.

म्हणून आज सकाळी तो सरावाला गेला होता. गावाबाहेर बायपासचा एक तुकडा तयार होऊन पडून आहे. पुढची जमीन मिळाली नाही म्हणून रस्ता थेट कांद्याच्या वावरात जाऊन थांबतो. सरळ अर्धा-पाऊण किलोमीटर, मग उजवीकडे मोठं वळण. वाहन फिरकत नाही, त्यामुळे दिवाळीनंतर लोक तिथे मका वाळत घालतात. त्याच मक्यात जेम्स सापडला होता.

“टायर नाही तर मका असेल,” जेम्स म्हणाला. “मक्यावर चाक गेलं की बेअरिंगवर गेल्यासारखं होतं. फिजिक्स आहे ते.”

“दोन मिनिटांपूर्वी टायर होता.”

“दोन्ही मिळून.”

“दोन्ही मिळून,” शांतवनने मान डोलावली. “मका लई वंगाळ.”

लिडिया उठली. साडीचा पदर खोचला, जॅक लावला, मागचं चाक काढलं. तळवा फिरवला. बाहेरच्या खांद्यावर रबर सोलून त्याच्या बारीक वळ्या झाल्या होत्या. पुढचं चाक काढलं. ते जवळजवळ धडधाकट होतं. म्हणजे फरफट मागच्या चाकांची झाली होती, आडवी. या गाडीला ओढ पुढच्या चाकांची, वजन पुढे. हिने वळणात हट्ट केला तर ती नाकाने बाहेर जाते, शेपटीने नाही. शेपटी का गेली?

तिने डिकी उघडली. आत खताच्या दोन गोण्या होत्या, तोंडं सुतळीने शिवलेली. तिने एकीला हात लावला. वाळू. ओली.

“या कुणी ठेवल्या?”

जेम्स एका कोंबडीला बंपरखालून हाकलू लागला.

“मीच सांगितलं ठिवायला,” शेवटी शांतवन म्हणाला. “मागून उडत हुती गाडी. मोकळी पिकअप मागून नाचती, मग आपन काय करतो? दोन गोन्या टाकतो. गप बसती. समद्या तालुक्याला ठावं हाय.”

“पिकअपला मागून ओढ असते. हिला पुढून आहे.”

“वजन ते वजन.”

“आणि तू?” लिडियाने जेम्सकडे पाहिलं. “फिजिक्सवाले? शेपटीला दोन मण वाळू बांधून तू वळणात शिरलास?”

“पप्पांना अनुभव आहे,” जेम्स म्हणाला.

यावर बोलण्यासारखं खूप होतं. लिडियाने हात पुसले. “शॅरन, स्कूटर काढ.”

बायपासवर काकासाहेब फावड्याने मका गोळा करत होता. दोन एकरांचा शेतकरी, उन्हाळ्यात हायवेला उसाच्या रसाची हातगाडी लावायचा. मिशी पिकलेली, पण चेष्टेखोरपणा कोवळा. लिडियाला पाहून त्याने फावडं टेकवलं.

“या ताई. तुमच्या पोरानं मळनी फुकट करून दिली. अर्धी वावरात पेरली पन.”

“किती गेला मका?”

“जाऊ द्या वो. दोन-चार पोती म्हना. पन खरं सांगू का? मी त्या कडंला बसलो हुतो तंबाखू मळत. गाडी आली जनू इमान. आन मधीच आवाज बंद! म्हनलं, पेट्रोल संपलं काय? तंवर ती गरागरा फिराया लागली. तिसऱ्या फेऱ्याला मी पळालो.”

“मधेच आवाज बंद?”

“गप्पकन. जनू कुनी तोंडावर हात ठिवला.”

लिडिया वळणावरून चालत गेली. चपला काढून, कारण डांबरावर रबर किती बसलं ते तळपायालाही कळतं. वळणाच्या तोंडाशी काही नव्हतं, ब्रेकची एक रेघसुद्धा नाही. पुढे पुढच्या चाकांचा फिकट, करडा डाग; टायर कुरकुरत होता, पण धरून होता. आणि मग बरोबर मधोमध, जिथे पलीकडचं कांद्याचं वावर एकदम समोर दिसतं, तिथे दोन काळ्याभोर रेघा सुरू झाल्या होत्या. मागच्या चाकांच्या. त्या बाहेर फेकल्या गेल्या होत्या, पुढच्या चाकांच्या डागांवर फुली मारून गेल्या होत्या, आणि मग वेटोळं. मका तिथून वीस पावलं पुढे होता.

“वीस पावलं,” ती शॅरनला म्हणाली. “मक्याला कळायच्या आत हा फिरलेला होता.”

“मम्मी,” शॅरन म्हणाली, “माझ्याकडे व्हिडिओ आहे. सकाळी मीच काढला. दादाने इन्स्टावर टाकला तो पहिल्या फेरीचा, त्यावर गाणं लावलंय. हा दुसऱ्या फेरीचा. त्याने डिलीट कर म्हणून सांगितलं होतं.”

“केला नाहीस?”

“रीसायकलमध्ये आहे.”

लिडियाने मोबाईल कानाला लावला आणि डोळे मिटले. चित्राची तिला गरज नव्हती. इंजिन लांबून किंचाळत आलं, किंचाळत वळणात शिरलं, एक, दोन, आणि आवाज पडला. भिजल्या फटाक्यासारखा. मग नुसती टायरांची ओरड, मग मका, मग काकासाहेबाची शिवी.

म्हणजे पाय उचलला होता. त्याबद्दल तिला काही नव्हतं. गाडी आपल्या ताब्यातून चालली हे कळल्यावर ज्याचा पाय उचलत नाही तो माणूस शूर नाही, लाकूड आहे. पण उचलायचा कुठे? वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. तिथे उचलला तर चार माणसं बघतात, मिशीत हसतात. म्हणून तिथे याने छाती काढली. आणि मध्यात, गाडी सगळ्या ताकदीने एका खांद्यावर कलंडलेली असताना, भीती आली. पाय सुटला, वजन धाडकन पुढे आलं, मागची चाकं हलकी झाली आणि वाळूने शेपूट भिरकावली. पाय दाबून धरला असता तर नाकाने कांद्यात गेला असता. तेही मूर्खासारखंच, पण सरळ तरी.

भीती सगळ्यांनाच येते. यांना ती वेळेवर येत नाही, एवढंच. भंडारदऱ्याला आली नव्हती, इथेही आली नाही, आणि रविवारी त्या भिंतीजवळसुद्धा अर्ध्या वळणातच येणार होती.

परतताना तिने मनाशी ठरवलं. त्याला एकदाच विचारायचं. “उचलला” म्हणाला, तर गोण्या काढायच्या, नवे टायर चढवायचे, आणि शुक्रवारी टेम्पोत त्याच्याशेजारी आपण बसायचं. कुठे भ्यालो हे ज्याला सांगता येतं, त्याला कुठे थांबायचं तेही शिकवता येतं. मिस्त्रींनी तिला तसंच शिकवलं होतं.

अंगणात बापलेक गाडीच्या टपाला टेकून उभे होते. जेम्स टीमच्या माणसाशी फोनवर बोलत होता, “हो सर, फुल कमिटमेंट, सर.” शांतवन हसत होता.

फोन संपेपर्यंत लिडिया उभी राहिली. मग म्हणाली, “जेम्स, एक विचारते. टायर, मका, वाळू, सगळं बाजूला ठेव. वळणाच्या मध्यात तू पाय उचललास का?”

जेम्सने बापाकडे पाहिलं.

“वाघाचा बच्चा हाय त्यो,” शांतवन म्हणाला. “आमच्यात पाय उचलत न्हाईत. मी जवा त्या वळनावर—”

“तुमचं स्टेअरिंग जाम झालं नव्हतं,” लिडिया म्हणाली.

शांतवन टपापासून सरळ झाला.

“जीपची चाकं मिस्त्रींकडेच आली होती, पोलीस ठाण्यातून सुटल्यावर. शिकायला म्हणून त्यांनी माझ्याच हातात दिली. चारीला एकेक चट्टा होता, हा एवढा, तळव्यात मावेल असा. तुम्ही वळणाच्या मध्यात ब्रेकवर उभे राहिलात. भ्यालात. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि चाकं बाजूला ठेवली. सव्वीस वर्षं तुमच्या साक्षीला मी आमेन म्हणतेय.”

खुर्ची नव्हती म्हणून शांतवनने टपाचा आधार घेतला. तो आपल्या उजव्या पायाकडे पाहत राहिला.

लिडियाने पुन्हा मुलाकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. “भ्यायला काही लाज नाही. तुझ्या बापाला होती, म्हणून तो खुर्चीत बसला. आता सांग. पाय उचललास का?”

जेम्सची कानशिलं लाल झाली. क्षणभर त्याचा चेहरा लहानपणीसारखा झाला. लिडियाला वाटलं, बोलतोय आता. शॅरनने मोबाईल ओढणीखाली घेतला. मग जेम्सने खालचा ओठ पुढे काढला.

“नाही,” तो म्हणाला. “मी कधीच उचलत नाही.”

“बरं,” लिडिया म्हणाली.

ती गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली. जॅक लावून उरलेली दोन चाकंही काढली, चारीखाली विटा सरकवल्या, आणि चाकं घरंगळवत नेऊन दुकानाच्या आत ठेवून शटर ओढलं. जेम्स “मम्मी, मम्मी” करत मागे मागे फिरला. तो ट्रॅकवर फिरला असता तसा. तिने कुलूप लावलं, किल्ली पदराच्या गाठीत बांधली आणि नळावर हात धुतले, साबण दोनदा लावून. दुपारची जेवायची वेळ झाली होती. ताटं मांडून तिने तिघांना हाक मारली, आणि ते बसल्यावर भाकरी वाढता वाढता सांगितलं:

“गाडी रविवारी जाणार नाही. यानंतरही नाही. दारावरचं माझं नाव शॅरन आज खरवडून काढेल. काकासाहेबाचा मका आपण सांडला, त्याच्या बदल्यात ते चारी टायर मी त्याच्या रसाच्या गाडीला बसवून देणार आहे. सोमवारी तो यायचाय.”